मास्तरांचं मार्जिन

मास्तर शिवणकामात पक्के, पण खोटं बोलण्यात अगदीच कच्चे. त्यामुळे बायकोशी खोटं बोलायची वेळ आली तेव्हा त्यांनी ते मशीनवर शिवलं.

बायकोला पोटाचा कॅन्सर. दिवसेंदिवस खंगत चाललेली, आणि तिला धास्ती एकच. "अहो, मी सुकत तर नाही ना चाललेय?" मग दुपारी तिचा डोळा लागला की मास्तर कपाटातून तिचे गाऊन काढायचे, दोन्ही बाजूंनी बोटभर आत घ्यायचे, इस्त्री मारून पुन्हा कपाटात ठेवायचे. "बघ, कसा अंगासरसा बसलाय! सुकलीस कुठे?" दवाखान्यातल्या काट्याचा आकडाही तेच वाचत, चार किलो वाढवून. आत घेतलेलं कापड मात्र कधी कापलं नाही. बरी झाली की उसवावं लागेल, म्हणून मार्जिन आतच. काय म्हणावं या माणसाला! जन्मभर लोकांची मापं घेतली आणि घरच्या मापाकडे डोळेझाक.

केमोत केस गेलेल्यांसाठी मास्तर एका संस्थेला टोप्या शिवून द्यायचे, फुकट. त्या न्यायला संस्थेच्या ताई आल्या. बाई मनाने सोनं, पण जिभेला हाड नाही. बायकोकडे बघून म्हणाल्या, "वहिनी, तुम्हाला कपडे किती नीट बसतात हो! आमचे बाकीचे पेशंट तर कपड्यांत बुडून जातात."

मास्तरांनी घाईघाईने टोप्यांची पिशवी ताईंच्या हातात दिली.

ताई गेल्या. बायकोने गाऊन बदलला आणि उतरवलेला उलटा करून मांडीवर घेतला. तीस वर्षं मास्तरांनी शिवलेल्या कपड्यांना हातशिलाई तिनेच केलेली, तिच्यापासून काय लपणार? कुशीला शिवणीच्या चार ओळी होत्या, एकीच्या आत एक.

"केव्हापासून?"

"दुसऱ्या केमोपासून," मास्तर पुटपुटले.

आता ही आकांत करणार, असं त्यांना वाटलं. पण ती नुसती कापडाची ती जाड घडी चाचपत राहिली.

"तरीच बाई टोचतंय. मला वाटलं, हाडंच दुखतात. कात्री आणा, कापून टाका हे."

"अगं, राहू दे ना. कापलं तर मग उसवता नाही येणार."

"नाही यायचं," ती म्हणाली.

मास्तर लहान पोरासारखे हमसून रडले. रडत रडतच त्यांनी शेवटच्या शिवणीला लागून कापड कापलं. तिने कडेवरून बोट फिरवून बघितलं.

"कपाटातले बाकीचेही आणा," ती म्हणाली.