घोडीसाठी कटोरी ब्लाउज

मी एका घोडीच्या डोळ्यांत काजळ घातलं होतं. बोटानं, दोन्ही डोळ्यांत, कानाकडे चांगलं शेपूट काढून. वर गालावर तीटही लावली. तेव्हा मी काही अल्लड पोरगी नव्हते. चाळिशीला टेकलेली, दोन लेकरांची माय, फुलचूरच्या अर्ध्या बायांचे ब्लाउज शिवणारी आणि स्वतःला भलती शहाणी समजणारी बाई होते. नात विचारते, "आजी, तू पहिल्यापासून अशीच होती का?" मी सांगते, नाही वो, पहिले याच्याहून बेकार होती.

घोडी आमची होती. म्हणजे माझ्या नवऱ्याची. मी आपली त्याच घरात राहत होते. पांढरीशुभ्र, वरातीची घोडी. गोंदियात नवरदेव घोडीवर बसला नाही तर त्याच्या मावशांना लग्न लागल्यासारखंच वाटत नाही, त्यामुळे लग्नसराईत तिला माझ्यापेक्षा जास्त निमंत्रणं असत. माझं माहेर केशोरीकडचं, धानाच्या बांध्यांतलं. बैल कळत, म्हशी कळत. घोडा मी लग्नाआधी फक्त कॅलेंडरावर पाहिलेला. पण म्हणून घोड्याविषयी मत द्यायला माझं कधी अडलं नाही.

तिच्या डाव्या डोळ्याचं दुखणं जुनं होतं. महिना-दीड महिना बरा जाई, मग एखाद्या सकाळी डोळा अर्धा मिटलेला, पाण्याची धार लागलेली आणि बुबुळावर निळसर धुकं. जनावरांचे डॉक्टर हिंदीतच बोलत. ते म्हणाले, "ये बीमारी जाती नहीं भाभी, छुट्टी पे जाती है. और जितनी बार लौटती है, थोड़ी-थोड़ी नज़र खा जाती है."

मग त्यांनी पथ्य सांगितलं. ऊन लागू द्यायचं नाही, माशी बसू द्यायची नाही, चारा उंच टांगायचा नाही, कारण काडी डोळ्यात जाते. आणि शेवटी माझ्याकडे बघून, का कोण जाणे माझ्याचकडे बघून म्हणाले, "और अपनी तरफ़ से कुछ डालना नहीं."

नवरा ही सगळी पथ्यं देवाच्या सोवळ्यासारखी पाळायचा. बिचाऱ्याला एकच भीती होती. रस्त्यावर बाजा, फटाके, नाचणारी गर्दी. त्यात घोडीला एका बाजूचं दिसेनासं झालं, तर ती बिचकणार, आणि मग तिला कोणी दारात उभं करणार नाही. वरातीचं तर जाऊच द्या. तो सकाळी उठून आधी तिचा डोळा बघायचा, मग स्वतःचे डोळे धुवायचा.

अशात त्याला दोन दिवस दरेकशाला, बहिणीकडे जावं लागलं. जाताना घोडीविषयी पाव तास सूचना दिल्या. फाटकापर्यंत जाऊन परत आला आणि आणखी दोन दिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "अन् तू जेवजो."

दोन दिवसांनी वरात होती. तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी डोळा अगदी स्वच्छ होता, काचेसारखा. आणि रिकाम्या दुपारी माझं डोकं चालायला लागलं. माझं डोकं चाललं की घरात काहीतरी फुटतं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. मी विचार केला, एकच डोळा का दुखतो? नजर! दुसरं काय? आमच्याकडच्या वरातीत नवरदेव घोडीवर चढायच्या आधी त्याची वहिनी त्याच्या डोळ्यांत काजळ घालते. बहिणी घोडीला भिजवलेली चण्याची डाळ चारतात. मी वर्षानुवर्षं बाजूला उभी राहून हे बघत आलेली. तो टोणगा एक दिवस मिरवतो तर त्याला काजळ, आणि ही सगळा हंगाम दुनियेच्या नजरेसमोर नाचते तर हिला नुसती डाळ?

एरंडेलाचा दिवा लावला, वर तांब्याची वाटी धरली, काजळी खरवडून तुपात कालवली. त्यात कापराची चिमूट टाकली, थंडावा यावा म्हणून. माझ्या लेकरांच्या डोळ्यांत हेच काजळ घालून मी त्यांना मोठं केलं होतं. ती रडायची, ते मी विसरले होते.

घोडी गरीब. तिनं मान खाली केली आणि माझ्यावर भरवसा ठेवला. आजवर माझ्यावर इतका भरवसा फार थोड्यांनी ठेवलाय. बहुतेकांनी वेळेवर शहाणपण दाखवलं. काजळ घातल्यावर ती अशी काही दिसायला लागली की शेजारच्या बाया मोबाइल घेऊन फोटो काढायला आल्या. सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "कायले नटवलं वो तिले? पाह्यले पाव्हणे येऊन राहिले का?"

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. "घोडी कशी आहे?"

"मस्त आहे. तुम्ही ओळखणार नाही," मी म्हणाले. यात खोटं एक अक्षर नव्हतं.

फोन ठेवला तेव्हा घोडी खुंट्यावर डोळा घासत होती.

सकाळपर्यंत डावा डोळा सुजून बंद. पांढऱ्या तोंडावरून थेट ओठापर्यंत काळे ओघळ, रडून रडून सासरी निघालेल्या नवरीसारखे. उजवा नुसता लाल होता, ती तिची पुण्याई. नवरा सकाळच्या गाडीनं आला. मी फाटकातच गाठून म्हणाले, "अजी, रागावू नोका, मीच सांगते..." तो थांबलाच नाही. बादली भरली, स्वच्छ फडकं ओलं करून तिचं तोंड पुसलं आणि अगदी हळू विचारलं, "कोणं केलं वो माय हे?"

घोडीनं मान वळवली. माझ्याकडे. तिला कळलं असं मी म्हणत नाही, पण वेळ वाईट साधली.

डॉक्टर आले. काळं फडकं बघितलं, घोडीच्या गालावर उरलेली तीट बघितली. "शादी किसकी थी भाभी? दूल्हे की, कि घोड़ी की?" मग त्यांनी डोळ्यात कसलासा रंग सोडला आणि बॅटरी मारली. बुबुळावर एक हिरवीगार रेघ चमकली. घासून घासून डोळा खरचटला होता. मी भीत भीत विचारलं, ही बीमारी माझ्यामुळेच का? ते म्हणाले, "बीमारी आपकी नहीं. खरोंच आपकी है." पंधरा दिवस दिवसातून चार वेळा दोन प्रकारचे थेंब, पूर्ण अंधार, डोळ्याला कशाचाही स्पर्श नको. पंधरा दिवसांनी बघू, नजर किती उरली. उरली असेल तर.

वरातीला दुसऱ्याची घोडी गेली. आणि आमच्या घरात मौनव्रत सुरू झालं. पुरतं मौनही नाही; नवरा बोलायचा, पण घोडीशी.

"सांग आपल्या मालकिणीले," खरारा करता करता तो म्हणायचा, "आज वरणात मीठ नाही."

मी पेंढी टाकता टाकता म्हणायचे, "सांग आपल्या मालकाले, मिठाची बरणी पायानं चालत नाही. हात लांब कर म्हणा."

घोडी मध्ये उभी राहून चारा खायची. असा निःपक्षपाती मध्यस्थ मी पुढे कुठल्याच भांडणात बघितला नाही.

अडचण अशी की थेंब टाकायला दोघं लागत. तो मुसकी धरायचा, थेंब मी टाकायचे, कारण सुईत दोरा ओवून माझा हात स्थिर. दिवसातून चार वेळा आमची तोंडं एक वीत अंतरावर येत आणि दोघंही घोडीच्या कानात बोलत. एका थेंबानं तिची बाहुली मोठी व्हायची आणि उजेड सहन व्हायचा नाही, म्हणून खिडकीला बारदान, दाराला जुनी सतरंजी. माश्यांसाठी मी कडुनिंबाचा धूर केला. तेवढ्यात डॉक्टर टपकले. "पहले काजल, अब धुआँ! आरती भी उतार लो!" धूर बंद. मग नवऱ्यानं आमच्या खोलीतला टेबलफॅन उचलून घोडीला लावला. मे महिना होता. आम्ही दोघं पाठीला पाठ लावून घाम गाळत पडायचो आणि पलीकडे बाई पंख्याखाली.

पण माशी पंख्यालाही जुमानेना. शेजारी म्हशींचा गोठा. माश्या तिथं जेवत आणि आमच्या घोडीच्या डोळ्यावर पाणी प्यायला येत. डॉक्टर म्हणाले, तोंडाला जाळी बांधा. मी मनात म्हटलं, बांधते ना. शिवण तर मला येते.

पलंगावरच्या मच्छरदाणीचा एक कोपरा कापला आणि पिशवी शिवून घोडीच्या तोंडावर चढवली. जाळी सरळ पापणीवर टेकली. ती सारखी डोळा मिटायला लागली, म्हणजे पुन्हा स्पर्श, पुन्हा खरचट. काढली. दुसरी सैल शिवली. ती वाऱ्यानं आत-बाहेर व्हायची. तिसरी तिनं खाल्ली. त्या दिवशी नवरा पायाला खाजवत घोडीला म्हणाला, "सांग आपल्या मालकिणीले, पलंगावर आता भोकच उरलं, मच्छरदाणी गेली."

अर्धे दिवस संपले होते. मी मशीनवर बसून होते, समोर एक गिऱ्हाईक उभी. नवीन ब्लाउज छातीवर दाबतो म्हणून तक्रार घेऊन आलेली. मी टेप लावून म्हणाले, "काही नाही, कटोरी चपटी झाली. खोल करून देते, कापड अंगाला टेकणारच नाही." आणि तशीच थांबले. कापड अंगाला टेकणारच नाही! टेप घेऊन मी उठले आणि आमच्या घोडीच्या गोठ्याकडे पळाले. मागून ती ओरडली, "अवो काकू, माहं माप!"

"तुहं माप पळून नाही जात!" मी म्हणाले आणि घोडीच्या डोळ्याभोवती टेप लावला.

मशीनवर हात ठेवून सांगते, आयुष्यात मी शेकडो कटोऱ्या कापल्या, पण त्या दोन कटोऱ्यांसारखी मेहनत कशावर केली नाही. चुन्या घालून जाळीला पोट दिलं, कडेनं जाड पट्टी फिरवली, कानांना भोकं ठेवली आणि गळ्याखाली नाडी. हूक मुद्दाम लावले नाहीत, टोचले असते. गिऱ्हाइकानं तोवर बातमी गल्लीभर पोचवली होती. सासूबाई काठी टेकत गोठ्यापर्यंत आल्या. जाळीच्या दोन फुगीर कटोऱ्या उलटसुलट करून बघितल्या आणि तोंडाला पदर लावला.

"घोडीचा ब्लाउज शिवला वो तू? मंग अस्तर काऊन नाही लावलं? सारं दिसून राहिलं ना तिचं!"

गल्ली हसली. मीही हसले, आणि हसता हसता पुन्हा थांबले. अस्तर! जाळीनं माशी अडली असती, पण बाहेर काढल्यावर ऊन आरपार आलं असतं. काळ्या ओढणीची एक विरळ जाळी पेटीत होती, तीच आतून अस्तर म्हणून लावली. चढवायच्या आधी स्वतःच्या तोंडावर बांधून अंगणात फिरून बघितलं. दिसतं सगळं, नुसतं सावलीत आल्यासारखं. तेवढ्यात पोस्टमन फाटकात आला, मला तसं बघितलं आणि चिठ्ठी भिंतीवर ठेवून गेला.

घोडीवर चढवली. ती एकदा मान झटकून उभी राहिली. माशी आली, कटोरीवर बसली, इकडून तिकडे चालली आणि उडून गेली. आत डोळा शांत. नवरा दारात उभा राहून बघत होता.

पंधराव्या दिवशी डॉक्टर आले. मी देवापुढे नारळ ठेवला होता, आणि काजळाची डबी त्याच्या मागे लपवली होती, देवालाही दिसू नये म्हणून. जाळी काढली. हिरवी रेघ गेली होती. "घाव भर गया," डॉक्टर म्हणाले, "नज़र अलग बात है." त्यांनी उजवा डोळा तळहातानं झाकला आणि मला कापूस दिला. डाव्या डोळ्यासमोरून बोंडाएवढा गोळा सोडायचा. कापूस, कारण त्याला आवाज नाही, वास नाही, वारा नाही. दिसलं तरच मान हलेल.

मी सोडला. कापूस खाली पडला. घोडी होती तशीच.

दुसरा सोडला. काही नाही. नवऱ्यानं भिंतीला हात टेकला. सुईत दोरा ओवणाऱ्या माझ्या बोटांतून तिसरा गोळा मी सोडला नाही, तो सुटला. आधी कान हलला. मग तिनं मान खाली केली आणि तो कापूस जमिनीवर टेकेपर्यंत त्याच्यामागे नजर नेली. मग वास घेतला आणि खाण्यासारखा नाही म्हणून सोडून दिला.

डॉक्टर हसले. "दिखता है. धुंधला होगा, पर दिखता है." आणि पिशवी भरता भरता बजावलं, "बीमारी फिर आएगी. ये जाली उतरनी नहीं चाहिए. धूप में तो बिलकुल नहीं."

ते गेले. मी पदरानं डोळे पुसत तिथंच खाली बसले. नवऱ्यानं घोडीच्या तोंडावर जाळी पुन्हा चढवली, दोन्ही कटोऱ्या डोळ्यांवर नीट बसवल्या, गळ्याखाली नाडीची गाठ मारली. त्याचं तोंड उघडलं तसे मी कान घोडीकडे लावले, मला काय निरोप येतो ते ऐकायला. पण तो वळला आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघून म्हणाला,

"आणखी एक शिव. एक अंगावर, एक दांडीवर. अन् ते देवामागची काजळाची डबी आण, माह्यापाशी राहू दे."