डोकं बुडेल एवढं पाणी

आमच्या पोस्टवर पाणी नव्हतं, बर्फ होतं. मी हवालदार होतो. पोस्टवर आम्ही अकरा जण. सकाळी सहाला स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यारं घेऊन मोर्चावर, सातला चहा, आठपासून दोघांची पाळी बर्फ खणायची. ते रेशनच्या पत्र्याच्या डब्यात भरायचं आणि केरोसीनच्या स्टोव्हवर वितळवायचं. दोन तासांत एक जरीकॅन पाणी व्हायचं. ते मोजून वाटायचं काम माझं.

सिपाही जयंत वळवी या पाळीला मुद्दाम माझ्याबरोबर यायचा. तो माझ्याच नवापूर तालुक्यातला, माझ्या गावापासून दोन डोंगर पलीकडचा. माझं घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. त्याच्या घरी कुणी ख्रिस्ती नव्हतं. एका सुट्टीत तो माझ्याबरोबर उपासनेला आला आणि मग वर्षभर प्रश्न विचारत राहिला. त्याच्या घरची बोली मावची, माझी आमच्या डोंगरातल्या कोकणा लोकांची कोकणी. म्हणून आम्ही बाजारातली अहिराणी बोलायचो.

एका सकाळी डब्यातलं बर्फ खाली बसलं तसा तो म्हणाला, "दादा, माले बाप्तिस्मा देई दे."

"मी पाळक नही."

"पण पानी ते शे."

"डोकं बुडी इतलं शे का? सुट्टीमा रंगावली नदीमा लेऊत. पाळकना समोर, मंडळीना समोर."

"तुम्हनी मंडळी बी तुन्हासारखीच," तो हसला. "पानी मोजीसन देस."

आमच्या मंडळीचा नियम होता हे खरं. बाप्तिस्मा पाळकाच्या हातून, नदीत, पूर्ण बुडवून. पण मी नियमामुळे नाही म्हणालो नव्हतो. माझं नायब सुभेदारीचं प्रमोशन तेव्हा बोर्डासमोर होतं. हवालदाराने पोस्टवर आपल्या जवानाचा धर्म बदलला, एवढी एक तक्रार वर गेली असती तरी माझी फाइल तिथेच थांबली असती. मी नियमाच्या आडोशाला उभा राहिलो. हे मी पुढे बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर चौथ्या दिवशी लिंक पेट्रोल होतं, शेजारच्या पोस्टच्या गस्तीला अर्ध्या वाटेवर भेटून यायचं. पाच जण एका दोराला. ०९१० ला निघालो. १०२५ ला वरच्या उताराचं बर्फ सुटलं. आवाज फार मोठा नव्हता, धान्याचं पोतं ओतावं तसा. सगळं थांबलं तेव्हा दोराचं मागचं टोक बर्फात गेलेलं होतं. शेवटी जयंत होता.

मी वायरलेस सेट उचलला. "बेस, चार्ली पेट्रोल. एव्हलांच. एक जवान दबा है. ओव्हर."

"चार्ली, कौन? ओव्हर."

"वळवी. खोद रहे हैं. आउट."

दोर धरून आधी फावड्यांनी खणलं, मग हातांनी. १०५० ला चेहरा लागला. जिवंत होता. छातीखालचं बर्फ दगडासारखं बसलं होतं, ते काही निघेना. सेटवरून डॉक्टर सांगत होते, उसको बातों में रखो. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. माझ्या ग्लोव्हमधलं बर्फ वितळून त्याच्या कपाळावर ओघळलं. त्याने डोळे उघडले.

"दादा, आते?"

बाकीचे तिघे खणता खणता आमच्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणालो, "आते नही. खाले जाऊत मंग."

त्याने मान हलवली. ऑर्डर मिळाली की हलवायचा तशीच. ११२० ला तो गेला. ओंजळभर पाणी आणि देवाचं नाव, दहा सेकंदांचं काम होतं.

शवपेटी घेऊन मीच त्याच्या गावी गेलो. सलामी झाल्यावर त्याच्या आईने मला गोठ्याच्या बाजूला नेलं. दादा मला बाप्तिस्मा देणार आहे, असं त्याने फोनवर तिला सांगितलं होतं.

"दिलास?" तिने विचारलं.

मी म्हणालो, "हो."

त्या एका शब्दावर तिने पुढच्या उन्हाळ्यात स्वतः बाप्तिस्मा घेतला. मुलगा जिथे गेला तिथे आपणही जायचं म्हणून.

मला प्रमोशन मिळालं. पेन्शन घेऊन आलो, पाळकाचं शिक्षण घेतलं, आणि तीन वर्षांपूर्वी मला चिंचपाड्याच्या बाजूची ही मंडळी मिळाली. जयंतची आई याच मंडळीत. बायकांच्या दुसऱ्या रांगेत चटईवर बसते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. आमच्याकडे भाकर तांदळाची, घराघरांतून पाळीने येते. प्याल्यात काळ्या मनुका उकळून काढलेला रस. भाकर मोडण्याआधी मी सांगतो, कुणाचं कुणाशी काही राहिलं असेल तर आधी जाऊन मिटवा, मग या. दर महिन्याला हे सांगून मी तिच्या हातावर तुकडा ठेवत होतो. शिक्षणात शिकवलं होतं की संस्कार पाळकाच्या लायकीवर उभा नसतो. ते बरोबरच आहे. पण मी त्याचाही आडोसाच केला.

या वर्षी भाकरीची तिची पाळी नेमकी जयंत गेला त्या महिन्यात आली. शनिवारी दुपारी चारला मी तिच्या घरी गेलो. ती चुलीपुढे उकड मळत होती. मी उभ्यानेच सांगितलं, रिपोर्ट द्यावा तसं, वेळांसकट.

तिने हात थांबवले नाहीत. ती मावचीत बोलते; मी मराठीत लिहितो.

"किती वेळा मागितलं त्यानं?"

"दोनदा, आई."

"त्याला थांब म्हणालास."

"हो."

"मग मला का नाही थांबवलंस?"

तिने एक भाकर थापली, तव्यावर टाकली, उलटली.

"उद्याची भाकर मीच आणणार," ती म्हणाली. "पण ती तू मोडायची नाही."

रविवारी मी मंडळीला सगळं सांगितलं आणि खाली बसलो. मग मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडिलांपैकी सगळ्यांत वयस्कर, धनजी काका, उठले. "फौजी माणूस तू," ते म्हणाले, "एवढ्याशा वाटेला एवढी वर्षं लागली?" त्यांनी भाकर मोडली. ताट माझ्यापर्यंत आलं. मी पुढे सरकवलं.

तेव्हापासून भोजनाच्या टेबलाशी मी उभा राहिलेलो नाही.

गेल्या महिन्यात ती सकाळीच माझ्या दारात आली. दवाखान्यात तिच्या वाडीतला एक म्हातारा बाप्तिस्मा मागत होता. नदीपर्यंत नेण्यासारखा नव्हता. तिच्या हातात भरलेला तांब्या होता.

"चल," ती म्हणाली. "हे पुरेल."

मी म्हाताऱ्याला नाव विचारलं आणि त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं. उशी भिजली. नर्सबाई कुरकुरल्या. नियमाचं काय करायचं ते वडील मंडळी ठरवतील. मी त्यांना कळवलं आहे. परतताना ती रिकामा तांब्या कडेवर घेऊन माझ्यापुढे चालत होती. माफ केलं असं तिने म्हटलेलं नाही. मी विचारलेलं नाही.

सिपाही जयंत वळवी. वय तेवीस. पेट्रोलमध्ये शेवटचा. त्याने पाणी मागितलं होतं. पाणी होतं.