धुऱ्यावरची खाजकुयरी

नव्वदच्या दशकात मी लग्न होऊन गिरडजवळच्या एका गावात गेले, तेव्हा तिथे कोणाच्याच घरी संडास नव्हता. मजुरांच्या वस्तीतल्या बाया पहाटे आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बोरीच्या कुंपणाआड जायच्या. माझ्या सासऱ्यांना त्याचा भारी राग. घरच्या आम्ही बायाही नाल्याकाठी तशाच जात होतो, पण ते त्यांना कधी खटकलं नाही.

एका उन्हाळ्यात त्यांनी टेकडीवरच्या रानातून खाजकुयरीच्या वाळल्या शेंगा आणल्या. घेवड्यासारखी शेंग, पण वरून सोनेरी लव. ती लव अंगाला लागली की माणूस खाजवून रक्त काढतो. सासऱ्यांनी शेंगा पाण्यात भिजवून, हाताला फडकी बांधून सोलल्या. बियांचं टरफल कठीण, म्हणून एकेक बी दगडावर जराशी घासली, रात्रभर भिजू घातली आणि मृगात कुंपणाच्या बुडाशी बोटभर खोल टोबली. शेणखत घालायचं नाही, नुसता पाला माजतो, हे त्यांनी मला जेवता जेवता कौतुकानं सांगितलं. कशासाठी लावता, असं विचारल्यावर म्हणाले, "आता पाहू, कोण बसते तिथं."

मी नवऱ्याला हे बंद करायला सांगितलं. वावर बाबांचं आहे, एवढंच तो म्हणाला.

दिवाळीला कुंपणभर चढलेल्या वेलांवर जांभळ्या फुलांचे घोस लोंबले. लोक थांबून बघायचे. मी मात्र खाली मान घालून पुढे जायची.

पौषात शेंगा वाळल्या आणि वारा सुटला. माझ्या बाळंतपणात मला मालीश करायला येणारी बाई त्या पहाटे धुऱ्यावर गेली होती. मी तेल घेऊन तिच्या झोपडीत गेले, तेव्हा ती अंगाला ओली माती थापून बसली होती. मांड्या सुजून लाल झाल्या होत्या. कुठं कुठं आग होते, ते तिला मलाही सांगवत नव्हतं. तिनं फक्त विचारलं, "बाई, आमी कुठं जावं मंग?"

घरी आले तर सासरे वरणात भाकर कुस्करत हीच गोष्ट नवऱ्याला सांगत होते. कोणती बाई कशी पळाली, याची हातानं नक्कल करत होते. हसताना मिशीवर वरण सांडलं.  त्या बोटांकडे बघून मी वाढायचं तसंच टाकून मोरीत जाऊन ओकले.

कापसाच्या पुढच्या वेचणीला वस्तीतली एकही बाई आमच्या वावरात आली नाही. खाजकुयरीची लव कापसात उडाली होती, आणि नसती उडाली तरी त्या आल्या नसत्या. बोंडं फुटून झाडावर लोंबत राहिली. सासऱ्यांनी मला आणि सासूबाईंना वेचायला जा म्हटलं. सासूबाई आयुष्यात त्यांच्यासमोर मान वर करून बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी त्यांनी सूप खाली ठेवलं.

"तुमीच लावली, तुमीच वेचा," त्या म्हणाल्या. "मी बी बाईच आहो."

वेल काढायला गावात माणूस मिळेना. शेवटी सासरे स्वतःच एका पहाटे, दवानं लव ओली असताना, अंगाला पोतं गुंडाळून गेले आणि वेल कापून खड्ड्यात पुरले. तरी त्यांचे हात, मान, कानामागचा भाग सोलून निघाला. सासूबाईंनी तेल चोळलं. मी चोळलं नाही, आणि मला कोणी सांगितलंही नाही.

पडलेलं बी पुढची कितीतरी वर्षं पावसाळ्यात उगवायचं. रोपं कोवळी असतानाच मी ती मुळासकट उपटायची. दोन हजारनंतर गावात संडास बांधले गेले, तेव्हा उद्घाटनाला सासऱ्यांनाच बोलावलं. स्वच्छतेवर ते बराच वेळ बोलले. हार घालून घरी आले आणि चहा मागितला. मी कप त्यांच्या हातात न देता जमिनीवर ठेवून आत गेले.