कमलसिस्टर आणि एक चुकीचा केसपेपर

कमलसिस्टर गेल्याचा त्यांच्या मुलीचा फोन आला, तेव्हा मी दौंडला माझ्या दवाखान्यात एकाचा रक्तदाब मोजत होतो. ‘बरं’ म्हणालो आणि पट्टा पुन्हा गुंडाळला... पेशंटला वाटलं, त्याचंच काही बिघडलंय. त्याला आता महिना होईल.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत आम्ही एकाच वॉर्डात होतो. मी नुकताच डॉक्टर झालेलो, सिस्टरांची निवृत्ती तोंडावर आलेली. दाखल होणाऱ्याचं वय, जुने आजार, ऑक्सिजन, ताप किती दिवस अंगावर काढला, हे मी केसपेपरवर लिहायचो. बरा होऊन गेला की दगावला, हा शेवटचा रकाना तेवढा रिकामा असायचा. कुरकुंभच्या कंपन्यांतले लोक शिफ्ट बुडेल म्हणून हमखास उशिरा यायचे. त्यांतलेच बबनराव. “शुगर आहे का?” मी विचारलं. “न्हाई.” मी ‘नाही’ लिहिलं आणि स्टेरॉइड सुरू केलं.

स्टेरॉइडने साखर वाढतेच; दोन दिवसांनी ती भलतीच चढलेली निघाली. सिस्टरांनी बबनरावांच्या उशाची पिशवी उपसली, तर आत गोळ्यांची पाकिटं. “आप्पा, ही शुगरचीच गोळी न्हाई व्हय?”

“गोळी चालू हाय, म्हणून तर शुगर न्हाई,” ते धापा टाकत म्हणाले. त्यांच्या लेखी ते खरंच बोलले होते. साखर मी आधीच तपासायला हवी होती. पाचव्या दिवशी बबनराव गेले.

पुढे सगळ्या केसपेपरांचा गोषवारा करायची वेळ आली, तेव्हा तो ‘नाही’ तसाच राहू द्यावा असं मला वाटलं. सांगायला लाज वाटते, पण वाटलं. सिस्टर एवढंच म्हणाल्या, “डॉक्टर, माणूस गेला. कागद तरी खरा ठेवा.” मी तो खोडून ‘होती’ लिहिलं. बबनरावांच्या पत्नी लताबाई कागद न्यायला आल्या, तेव्हा मी मात्र नुसतेच कागद चाळत राहिलो. शेवटी सिस्टरच बोलल्या, “बाई, चूक आमची झाली. साखर तपासायची राहिली.” त्यानंतर सिस्टर त्यांच्याकडे जात-येत राहिल्या. मी एकदाही गेलो नाही.

सिस्टरांच्या दहाव्याला त्यांच्या गावी, इनामगावला गेलो, तर त्यांच्या ओसरीवर लताबाईच सगळ्यांना चहा देत होत्या. मी कप घेतला आणि एका दमात सांगून टाकलं, “ती चूक सिस्टरांची नव्हती. माझी होती.”

“ठाऊक हाय मला,” त्या म्हणाल्या. “तवाच कळलं व्हतं. सिस्टर म्हणायच्या, डॉक्टर एक दिवस सोता येऊन सांगतील... लई वाट बघितली त्यांनी.”