बॉबिनचे कापडी गोल

बॉबिनला ब्लाउजमध्ये चिंध्या सरकवताना मी पाहिलं आणि मला हसू आवरेना. म्हटलं, काडीसारखी पोरगी, सातव्या महिन्यात मिरवायची हौस आलीय. बोलूनही गेले, "अगं, आहे तेवढं पुरे, भर कशाला घालतेस?"

"भर नाही मावशी, गळतंय," ती म्हणाली. मऊ सुती कापडाचे गोल कापले होते तिनं, भिजले की बदलायला.

ही माझ्या ताईची सून. शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात ती मशीनवर, मी काजं-बटणांवर. मशीनमधल्या दोऱ्याच्या बॉबिनसारखी सतत गरगर फिरते, म्हणून तिचं नावच बॉबिन. सुरुवातीच्या महिन्यांत तिची छाती इतकी दुखायची, की कुणी जवळून गेलं तरी अंग चोरायची. मग ब्लाउजच्या शिवणी उसवल्या. बोंडं काळवंडली, भोवती बारीक पुळ्या आल्या, निळ्या शिरा दिसायला लागल्या. ते सगळं तिनं मुकाट सोसलं. थेंब यायला लागले तशी मात्र घाबरली. "बाळ यायच्या आधीच संपलं तर मी पाजू काय?"

ताईनं खरखरीत टॉवेल दिला. "बोंडं घासत जा, कातडी टणक होते. आम्ही नाही का घासलं?" एकदाच घासलं, तर लालेलाल. मग मीच तिला नर्सबाईंकडे नेलं.

"हे पहिलं चिकाचं दूध. थेंब गेले म्हणून संपत नाही," नर्सबाई म्हणाल्या. "पण पिळायचं नाही. त्या पुळ्यांतून तेल सुटतं, कातडी मऊ राहते, म्हणून तिथं साबण नको. टॉवेल तर नकोच."

"आणि माझे लहान आहेत ते?" बॉबिननं विचारलं.

"बाळ ते मापून पीत नाही. जेवढं ओढेल तेवढं येतं."

बाळाचं पोट आपल्या पोटाला टेकवायचं, तोंडात नुसतं बोंड नाही, भोवतीचा काळा भागही द्यायचा, हेही त्यांनी शिकवलं. जेवणाच्या सुट्टीत आमची बॉबिन हाफपँटींचा गठ्ठा छातीशी धरून सराव करायची. मी विचारायचे, "काय गं, ढेकर काढलास का त्याचा?"

मुलगी झाली. लगेच छातीशी दिली. पहिल्यांदा तोंड सुटलं, पुन्हा सुटलं, बॉबिनचा चेहरा पांढरा. मग पोरीनं मोठा आ केला, धरलं, आणि गटकन गिळल्याचा आवाज आला. बॉबिननं तेव्हा कुठे श्वास सोडला.

"त्या टॉवेलचाच गुण," शेजारच्या स्टुलावरून ताई.

"एकदाच घासलं आई. तेव्हापासून तो इस्त्रीखाली अंथरलाय."

"माझा टॉवेल? घरी गेल्यावर परत दे."

"देते की. मग हिचे लंगोट कशावर इस्त्री करणार तुम्ही?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"राहू दे तिथंच," ताई म्हणाली.