आंघोळ घातलेला तितर

वलगावच्या आमच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तितर मरू लागले, तेव्हा मायचा फोन आला. "बाई, तू तं जंतूच पायत असतं ना? मंग सांग, हे कावून मरून राहिले?"

मी अकोल्याच्या प्रयोगशाळेत रानपाखरांच्या पोटातले जिवाणू ओळखते, कोण कुठल्या कुळातला ते ठरवते. मेलेली पाखरं तपासायची परवानगी आमच्याकडे होती. "एखादा मेलेला सापडला तर तसाच पाठव," मी म्हटलं. खरं सांगते, मला आनंदच झाला. इतकी वर्षं माय माझ्या कामाला नाक मुरडायची. पहिल्यांदाच काही विचारत होती.

गावचा एक जण डबा घेऊन आला. उघडला अन् कपाळावर हातच मारला! तितर पिवळाधमक. पिसं नीट बसवलेली, पोट चिरून आतलं सगळं काढलेलं, हळद-मिठाच्या पाण्यानं धुतलेलं. मला हवी होती ती कलेजी, ती आतडी गेली उकिरड्यावर.

फोनवर मी ओरडलेच. "तसाच पाठव म्हटलं होतं ना!"

"अवं, मेल्या जीवाले आंघोळ न घालता कोनी घराबाहेर काढते काय? अन् तुले वास येईन म्हनून पोट साफ केलं. लेकीले घाण पाठवू काय मी?"

कप्पाळ!

तरी उरलेल्या मांसाचा नमुना जंतू वाढवायला ठेवला. दुसऱ्या दिवशी हिरवट ठिपके उगवले, द्राक्षांसारखा गोडसर वास. स्युडोमोनास नावाचा जिवाणू. ओळख पक्की होती, पण हा तर पाण्यात नेहमी सापडणारा. मायच्या रांजणातलं पाणी मागवून तपासलं; त्यातही तोच निघाला. तितराचा आजार काही हाती लागला नाही.

"पुढचा धुनार नाई," माय म्हणाली. पुढचा आलाच नाही. ना मेलेला, ना जिता.

माय अजून सकाळी धुऱ्यावर जाऊन मला फोन लावते अन् तो वावराकडे धरते. पूर्वी तितरांच्या ओरडण्यात तिचं बोलणं ऐकू यायचं नाही. आता नुसती मोटारपंपाची घरघर येते. फार वाईट वाटतं.

"आज बी नाई बोलला," ती म्हणते. मग विचारते, "मी धुतला नसता तं कळलं असतं ना वं?"

बहुतेक कळलं असतं.

"नाई वं माय, तसंबी नसतंच कळलं," मी रोज सांगते.