तिची पाटी

सानपाड्याच्या आमच्या सोसायटीत कुणी सुकट भाजली की मला मोरा बंदरावरचा मासळीबाजार आठवतो. आरोग्यसेविका म्हणून अंडाशयाच्या कॅन्सरची माहितीपत्रकं घेऊन मी तिथे गेले होते आणि कुणी ऐकत नाही म्हणून चिडले होते. "पोट सतत फुगणं, दोन घासांतच भरणं," असं मोठ्याने वाचत होते, तेवढ्यात एक मासेवाली शेजारणीकडे बोट दाखवून हसली, "हिचंच हाय हे! तीन महिने आमी इचारतो, बारसं कवा गो?" सगळ्या खिदळल्या. शेजारीण मात्र पोटावर पदर ओढून हळूच म्हणाली, "लघवीलापन सारखं जावं लागतं, बाय." मी वाचन थांबवलं. या कॅन्सरसाठी सरसकट करावी अशी खात्रीची तपासणी नाही, लक्षणं ऐकूनच धावावं लागतं, म्हणून म्हटलं, "मावशी, आजच सोनोग्राफीला चला." "आनि ही पाटी?" तिने बर्फावरच्या मासळीकडे पाहिलं. चेष्टा करणारीने ती पाटी आपल्या पुढ्यात ओढली. "मी इकते. तू जा." मावशीला घेऊन मी निघाले, तेव्हा त्या चेष्टा करणारीने माझा हात पकडला, "मी उगाच हसले गो. बरी होईल ना ती?" गाठ होती, पण वेळेत सापडली, हे आज मला ठाऊक आहे, तेव्हा मात्र अख्खं पत्रक पाठ असूनही मी फक्त तिचा ओला हात घट्ट धरला.